उचलीची वही

संस्थेच्या स्थापनेची तारीख, भागभांडवल, सभासदसंख्या आणि आजवरच्या अध्यक्षांची यादी या स्मरणिकेतल्या अहवालाच्या भागात छापली आहे. ती पुन्हा इथे उतरवून काढण्यात अर्थ नाही. कार्यकारिणीने इतिहास लिहायचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी एकच अट घातली होती: सुरुवात दुकानापासून करणार. आपली पतसंस्था कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानाच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात सुरू झाली. ते दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं.

म्हणजे हा इतिहास निःपक्षपाती नसणार, हे वाचकांनी आधीच धरून चालावं. मात्र माझे वडील कारागीर होते आणि त्यांचं नाव आबांच्या उचलीच्या वहीत होतं, हेही सांगून ठेवते. पक्षपात झालाच तर दोन्ही बाजूंनी होईल.

उचल म्हणजे काय, हे नव्या सभासदांना सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना बँकेचं कर्ज कळतं, उचल कळत नाही. कारागिराकडे हात असतो, कातडं नसतं. कातड्याला पैसे लागतात, तेही आधी. दुकानदार पैसे देतो किंवा कातडंच देतो, आणि ते वहीत लिहितो. कारागीर जोड करून आणतो, त्याची किंमत वहीत वळती होते. मध्येच घरात लग्न निघतं, कुणी आजारी पडतं, मग आणखी उचल. रक्कम कधीच शून्यावर येत नाही, आणि ती शून्यावर येत नाही तोवर जोड दुसऱ्या दुकानात घालता येत नाही. कागदावर कुठेही तसं लिहिलेलं नसे. लिहायची गरजच नव्हती.

यात पावसाळा हा कळीचा भाग. कोल्हापुरीला पाणी चालत नाही. तळ भिजला की फुगतो, शिवण सैल होते, कोपऱ्यात ठेवलेल्या मालावर बुरशी धरते. मृग लागला की गिऱ्हाईक रबरी चपलांकडे वळतं ते थेट नवरात्रापर्यंत. कारागिराचं पोट मात्र मृग बघून थांबत नाही. जवाहरनगरात आणि सुभाषनगरात त्या तीन-चार महिन्यांत जोड तयार होत राहायचे आणि दुकानदार ते पडत्या भावानं घेऊन माळ्यावर टाकायचे. दसऱ्याला तोच माल पुऱ्या भावानं विकला जाई. लाईनीतल्या कितीतरी घरांचा खरा नफा हा असा पावसाळ्यात व्हायचा. आबांच्या दुकानाचाही. स्मरणिकेत हे लिहू नये असं घरातूनच सुचवलं गेलं होतं. पण हे गाळलं तर आबांनी नंतर जे केलं त्याची किंमत कळणार नाही.

आबांचे वडील स्वतः चप्पल करायचे. त्यांच्या तरुणपणी कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं. त्या काळाच्या गोष्टी आबांना तोंडपाठ होत्या, आणि दुकानात बसलेल्या पर्यटकाला त्या ऐकाव्याच लागत. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान काढलं आणि महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायले, ही गोष्ट सांगताना आबा हातातला जोड खाली ठेवत. १९२० च्या मार्चमधल्या माणगावच्या परिषदेची गोष्टही अशीच, अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर आणि समोर महाराज. अस्पृश्य मानलेल्या माणसानं भररस्त्यावर दुकान थाटून उजळ माथ्यानं बसायचं, ही गोष्ट आबांच्या लेखी धंद्याच्या फार पुढची होती. दुकानाची पाटी ते दर पाडव्याला स्वतः पुसत.

कोल्हापुरीचं आजचं रूपही साधारण त्याच काळातलं. आधीची पायताणं जाड आणि वजनदार, शेतात-डोंगरात घालायची. त्यांना गावांवरून आणि घडणीवरून नावं: कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. १९२० च्या सुमाराला सौदागर घराण्यानं पातळ तळाची आणि बाजूंना कान असलेली ‘कानवली’ घडवली, ती मुंबईच्या दुकानात गेली आणि शहरी पायांना आवडली, असं या धंद्यात सांगितलं जातं. गावांची नावं मागे पडून एकच ‘कोल्हापुरी’ उरली ती त्यानंतर. कापशीची करकर मात्र जुन्या लोकांना सुटली नाही. तळाच्या दोन थरांत बी घालून केलेला जोड पायात असला की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा.

आता जोड कसा होतो ते थोडं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं कातडं आणायचं. कमावणारे ढोर समाजाचे लोक, घडवणारे आम्ही चर्मकार. ते भिजवायचं, कुटायचं, रापीनं कापायचं. तळाचे थर एकावर एक बसवून आरीनं भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा नाही. इथवरचं काम पुरुषाचं, आणि वहीत नाव त्याचं. पट्ट्यावरची वेणी घालायची, गोंडे करायचे, कान शिवायचे, हे घरातल्या बायकांचं. माझ्या आईनं आयुष्यभर वेण्या घातल्या. तिचं नाव कुठल्याच वहीत नाही.

दुकानदार म्हणून आबा कसे होते? मला आठवतं ते त्यांचं गिऱ्हाइकाला उभं करणं. बसलेल्या माणसाच्या पायात त्यांनी कधी चप्पल घातली नाही. “उभं ऱ्हावा. सगळं वजन टाका. आता चाला.” मग ते जमिनीवर वाकून अंगठ्याच्या कडीत आपली करंगळी घालून बघत. कडी फार सैल असली तर जोड परत, फार घट्ट असली तर, “चार दिवस घरात घाला, तेल लावा, मग रस्त्यावर.” एका पावलाचं माप दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असतं, हे ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येकाला आश्चर्य वाटे. तालमीतल्या पैलवानांचे पाय बाजारातल्या मापात बसत नसत. त्यांच्यासाठी आबा दुकानाच्या फरशीवर कागद पसरून पावलाभोवती पेन्सिल फिरवत आणि कागदावर पैलवानाचं नाव लिहीत. खासबागेत कुस्ती जिंकलेल्या एका मल्लाच्या पावलाचा कागद त्यांनी काचेत लावला होता. गुरूच्या तसबिरीच्या खालीच.

आणि ते खरं बोलायचे, धंद्याला परवडणार नाही इतकं. लाईनीतला पुष्कळ माल कोल्हापुरात होत नाही. तो अथणी, निपाणी, मिरज या बाजूंनी येतो. पूर्वी हा सगळा एकच मुलूख होता. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, अथणी-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. माल मात्र एसटीच्या टपावरून तसाच येत राहिला. गिऱ्हाईकानं विचारलं, “अस्सल कोल्हापूरची ना?” की आबा म्हणत, “हे अथणीचं हाय. तिकडची शिवण लई चांगली असते.” निम्मी गिऱ्हाइकं उठून शेजारी जात आणि तिथे तोच माल अस्सल कोल्हापूरचा म्हणून घेत. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या आपल्या चार जिल्ह्यांना आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून मिळालं. सरकारला आबांचं म्हणणं पटलं, एवढंच म्हणायचं.

आता ज्या भिशीतून आपली पतसंस्था उभी राहिली, तिच्याकडे येते.

पावसाळ्याचे दिवस. एक म्हातारा कारागीर सहा जोड घेऊन आला. आबांनी नेहमीसारखा पडता भाव सांगितला. म्हातारा काही बोलला नाही. त्यानं जोड परत पिशवीत भरले, पिशवी खांद्याला लावली, पायरी उतरला, पावसात थोडा वेळ उभा राहिला आणि पुन्हा वर येऊन जोड गल्ल्यासमोर ठेवले. त्या भावात. ही हकीकत आबांनी मला स्वतः सांगितली. त्यापुढे त्यांनी काही भाष्य केलं नाही. एवढंच म्हणाले, “तो पुन्हा वर आला नसता तर बरं झालं असतं बघ.”

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी माळ्यावर अकरा जण बसले. प्रत्येकानं ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठ्या चपलेच्या खोक्यात घालायच्या, लहान पोरानं एक उचलायची, नाव निघेल त्यानं सगळी रक्कम न्यायची. कोल्हापुरात गल्लोगल्ली भिशी असते, यात नवं काही नव्हतं. नवा होता तो आबांचा एक नियम. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्यानं त्या पैशातून आधी दुकानदाराची उचल फेडायची. दुकानदार म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आबाच. दुसरा नियम असा, की ज्येष्ठ आणि आषाढातल्या भिशा चिठ्ठीनं काढायच्या नाहीत, ज्याला गरज जास्त त्याला द्यायच्या. गरज कुणाला जास्त, यावर भांडणं व्हायची आणि ती माळ्यावरून रस्त्यावर ऐकू यायची. तरी भिशी मोडली नाही.

लाईनीतल्या इतर दुकानदारांना हे आवडलं नाही. उघडच आहे. उचल फिटलेला कारागीर भाव विचारतो. एकानं आबांना सरळ सुनावलं, की तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारताय तो मारा, आमच्या पायावर कशाला? आबांकडे उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात चप्पल कुणी घेत न्हाई, पण पोट पावसाळ्यातबी लागतंय की.

धोंडा लागलाही. माझ्या वडिलांची भिशी निघाली, त्यांनी उचल फेडली आणि पुढच्याच महिन्यात माल दुसऱ्या दुकानात घातला. तिथे जोडामागे थोडे पैसे जास्त मिळत होते. वडील आबांचे सगळ्यात चांगले कारागीर होते. त्यांची वेणी (म्हणजे आईची) मुंबईचं गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं. आबा दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसले तर बाजू बदलायचे. नंतर संत रोहिदास जयंतीच्या जेवणात दोघं एका पंगतीला बसले आणि हे प्रकरण मिटलं. मिटलं म्हणजे बोलणं सुरू झालं. माल दुसरीकडेच जात राहिला. मी या घरात सून म्हणून आले ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिल्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जुन्या वह्या काढल्या, त्यात वडिलांचं पान दिसलं. सगळ्या रकमा आणि शेवटी आडवी रेघ. रेघेखाली आबांच्या अक्षरात ‘बेबाक’ असा एकच शब्द.

भिशीची पतसंस्था झाली ती गरजेपोटी. रक्कम वाढली, माळा पुरेना, आणि पैसा एकाच माणसाच्या लोखंडी पेटीत असणं आबांना स्वतःलाच नको होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याखाली नोंदणी करायला कागदपत्रं लागतात आणि आपल्या पहिल्या सभासदांतल्या निम्म्यांना सही येत नव्हती. आबांनी एक शिक्षक गाठला. संध्याकाळी माळ्यावर पाट्या-पेन्सिली आल्या. प्रत्येकाला फक्त स्वतःचं नाव लिहायला शिकवलं गेलं, पुढचं ज्याचं त्यानं. मूळ अर्जावरच्या त्या सह्यांची छायाप्रत याच स्मरणिकेत आहे. एका सहीत काना उलट्या बाजूला गेला आहे, तो तसाच नोंदला गेला. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ ला स्थापन झालं. त्याच्या योजनांचे अर्ज भरून देणं हेही मग संस्थेचं, म्हणजे आबांचं काम झालं. दुकानाच्या वेळात. सासूबाई म्हणायच्या, गिऱ्हाईक पायात चप्पल घालून उभं आहे आणि हे अर्जात जिल्ह्याचं नाव लिहितायत.

त्याच दशकात परदेशी हिप्पींच्या पायात कोल्हापुरी गेली आणि निर्यातीचे दिवस आले. लाईनीत बरकत आली. आमच्या दुकानात थोडी कमी आली.

संस्थेच्या वाटचालीत एक वाईट पान आहे. ठेवी वाढल्या तसं संचालकांना वाटू लागलं, की कारागिरांना छोटी कर्जं देत बसण्यापेक्षा मोठ्या धंद्यांना मोठी द्यावीत. दिली. बुडाली. काही कर्जांवर आबा जामीनदार होते आणि ज्यांनी कर्ज घेतलं ते गाव सोडून गेले. आबांनी त्यांच्या वाटणीची रक्कम भरली. त्यासाठी दुकानाचा माळा दुसऱ्याला वापरायला देऊन टाकला, तोच माळा. संचालक मंडळात ते त्या ठरावाच्या विरोधात नव्हते, हेही खरं. त्यांनी हात वर केला होता. नंतर कुणी विचारलं की ते म्हणायचे, मोठ्या आकड्याची भूल पडली. तेव्हापासून आपल्या पोटनियमांत कारागिराला आधी कर्ज देण्याचं कलम आहे, आणि पावसाळी कर्जाचं वेगळं. दर वार्षिक सभेत कुणी तरी ते कलम शिथिल करायची सूचना मांडतं. अजून झालं नाही.

बाकीचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे, भरभर सांगते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळेना, सगळा भार म्हशीच्या कातड्यावर आला आणि भाव चढला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग बंद पडला, दुकानं कोरडी होती पण शहरात येणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर आबा गेले. त्यांनी टाळेबंदी पाहिली नाही, ते एका परीनं बरं झालं. २०२२ च्या जानेवारीत हजार रुपयांच्या आतल्या चपलांवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच हजारांपर्यंतच्या जोडांवर तो पुन्हा ५ वर आला.

आणि जून २०२५. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात आपल्या घडणीची चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाली, कंपनीनं मूळ मान्य केलं, माणसं इथे येऊन गेली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड, एका जोडाची किंमत ८०० युरोंच्या आसपास, असं जाहीर झालं. आपल्या सभेत एका तरुण कारागिरानं विचारलं, “८०० युरो म्हंजे किती?” कुणी तरी सांगितलं, ऐंशी हजारांच्या वर. त्यानं पायातली चप्पल काढून उलटी केली आणि बराच वेळ तळ बघत बसला.

त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्याच्या महामंडळानं कोल्हापुरीवर क्यूआर कोड लावायचं ठरवलं. मोबाईल धरला की जोड कुणी घडवला, कुठे, कोणत्या कातड्याचा, ते दिसेल. आबा असते तर हे त्यांना मनापासून आवडलं असतं. त्यांनी हे काम वहीत केलं होतं, फक्त उलट कारणासाठी. वहीतलं नाव माणसाला बांधून ठेवायला लिहिलेलं होतं, कोडातलं नाव त्याला मान द्यायला आहे. मला एवढीच शंका आहे, की त्या कोडात वेणी घालणारीचं नाव येईल का. महामंडळाकडे तशी लेखी मागणी संस्थेनं करावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी आधी कळवावं.

दुकान चालू आहे. माझा मुलगा बसतो. गिऱ्हाइकाला उभं करतो, पण “हे अथणीचं हाय” म्हणताना जरा हळू म्हणतो.

उचलीच्या वह्यांचं काय करायचं, यावर कार्यकारिणीत दोन मतं होती. काहींना त्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या. मी विरोध केला. कुणाच्या आजोबांनी कशासाठी किती पैसे उचलले, हे परक्यांनी काचेतून वाचायची गोष्ट नव्हे. शेवटी असं ठरलं, की ज्या घराचं पान आहे त्या घरानं येऊन ते बघावं आणि हवं असल्यास घेऊन जावं. आतापर्यंत सात घरं येऊन गेली. माझ्या वडिलांचं पान मी अजून काढलेलं नाही.

वह्या कार्यालयात, खिडकीकडच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. किल्ली शिपाई मामांकडे असते. सोमवारी कार्यालय बंद असतं.